लाल ड्रॅगनने शहर जाळायचंय, पण पार्टी पहिल्याच श्वासात संपायला नको

महालचा_डीएम

खेळ डंजन्स अँड ड्रॅगन्स, फासे टाकत कथा रचायचा; पाचवी एडिशन, २०१४ ची पुस्तकं. मी डीएम, म्हणजे खेळ चालवणारा. पार्टी (खेळाडूंच्या पात्रांची टोळी) पाच जणांची, सगळे आठव्या लेव्हलचे: फायटर, रोग (Rogue, चपळ चोर), विझार्ड, क्लेरिक, रेंजर. शहर जुन्या नागपूरवरून उचललंय, फक्त नाव बदललंय. पश्चिमेला दोन टेकड्या आणि त्यांवर किल्ला (म्हणजे आपली सीताबर्डी), मग शुक्रवारी तलाव, मग महाल, त्याला लागून इतवारी, आणि नाग नदी. ड्रॅगनची गुहा रामटेकच्या बाजूच्या डोंगरात.

प्रौढ लाल ड्रॅगन शहरावर सोडायचाय. या धाडीत तो मरणार नाही. हिशेब पुढे चौदाव्या-पंधराव्या लेव्हलला होईल. अडचणी तीन आहेत.

एक, तो खाली उतरला की साधी मारामारी होते, आणि वरच राहिला तर पार्टी माना वर करून पाहत बसते. दोन, श्वासाच्या नुकसानाची सरासरी ६३ आहे, विझार्डचे एकूण हिट पॉइंट (किती मार सोसतो तो आकडा) ५०. तीन, आणि ही खरी अडचण: ड्रॅगन येतो, गाव जाळतो, हे इतक्यांदा झालंय की टेबलावर कोणाला काही वाटतच नाही. "बरं, जळलं. आता कुठे जायचं?"

"ड्रॅगन बदल, भूत घे" असले सल्ले नकोत.

---

वीस_पडले

भाऊ, आधी आकडे मांड. तुझ्या दुसऱ्या अडचणीत पहिलीचं अर्धं उत्तर आहे.

पाच जणांच्या आठव्या लेव्हलच्या पार्टीला 'डेडली' (जीवघेणी) चकमक १०,५०० एक्सपीला (शत्रू किती भारी ते मोजणारे अनुभव-गुण) सुरू होते. प्रौढ लाल ड्रॅगन चॅलेंज (ताकदीचा दर्जा) १७ चा, म्हणजे १८,००० एक्सपी. तरुण लाल चॅलेंज १० चा, ५,९०० एक्सपी, तो तुझ्या पार्टीला 'मीडियम'मध्ये बसतो. दोघांच्या मधे लाल रंगात काही नाही. त्यामुळे "प्रौढच पण थोडा कमी" हा प्रकार पुस्तकात मिळणार नाही, तो तुला वागणुकीतून आणावा लागेल.

श्वास: ६० फुटांचा कोन (शंकू), डेक्स्टेरिटी सेव्ह २१ (वीस बाजूंचा फासा अधिक चपळाईचा आकडा मिळून २१ झाले तर नुकसान अर्धं), अठरा डी६ (सहा बाजूंचे फासे). फायटरचा डेक्स सेव्ह शून्य असेल तर फाशावर २० पडूनही तो वाचत नाही. सेव्हमध्ये २० म्हणजे आपोआप यश, असा नियम २०१४ मध्ये नाही. तो हल्ल्याला आहे आणि डेथ सेव्हला आहे. पुष्कळ टेबलांवर हे चुकतं. विझार्डला +२ असेल तर शंभरात दहा वेळा. रोग +८ वर असेल तर ४० टक्के, आणि त्याला इव्हेजन (सेव्ह जमला तर नुकसान शून्य, चुकला तर अर्धं) आहे म्हणून तो एकटाच निर्धास्त फिरेल.

आता याच्यावर तोड, महत्त्वाच्या क्रमाने.

आडोसा. तीन-चतुर्थांश आडोसा डेक्स सेव्हला +५ देतो, अर्धा +२. शून्यवाला फायटर दगडी भिंतीच्या कोपऱ्याआड उभा असेल तर त्याला निदान १६ ला तरी आशा राहते. पूर्ण आडोशाला श्वास लागतच नाही. म्हणून नकाशावर चार-पाच पायविहिरी काढ. पायऱ्या उतरून खाली गेला की वरचा कोन पोचत नाही. पण विहिरीत धूर भरतो, तेव्हा दोन राऊंडांपेक्षा (राऊंड सहा सेकंदांचा) जास्त बसू देऊ नको.

इशारा. श्वासाच्या एक राऊंड आधी, ड्रॅगनच्या पाळीच्या शेवटी, "छाती आतून तांबडी झाली, तोंड शुक्रवारी तलावाकडे" एवढंच सांग. खेळाडूंना हलायला एक पूर्ण फेरी मिळते. हा नियम पुस्तकात नाही. पण श्वास ५ किंवा ६ पडल्यावर परत येतो. तो फासा तू पाळीच्या सुरुवातीऐवजी आधीच्या पाळीच्या शेवटी टाकलास की झालं, शक्यता तीच राहते.

स्पेल. ॲब्सॉर्ब एलिमेंट्स विझार्ड आणि रेंजर दोघांनाही घेता येतो. पहिल्या लेव्हलचा स्लॉट (स्पेलचा कोटा), रिॲक्शन (दुसऱ्याच्या पाळीत चटकन), नुकसान अर्धं. ६३ चे ३१ होतात, विझार्ड उभा राहतो. क्लेरिकला आठव्या लेव्हलवर प्रोटेक्शन फ्रॉम एनर्जी आहे, पण तो एकाच माणसावर लागतो आणि कॉन्सन्ट्रेशन (असा एका वेळी एकच स्पेल धरता येतो) खातो. माझ्या मते क्लेरिकने कॉन्सन्ट्रेशन 'काम इमोशन्स' (Calm Emotions, भीती दाबणारा स्पेल) यासाठी राखावं. ड्रॅगनची दहशत १२० फुटांवर, विस्डम सेव्ह १९, एक मिनिट. त्यात तीन जण अडकले की धाड तिथेच फसते.

आणि दहशत लागलेल्याला हल्ल्यातला आणि चेकमधला तोटा फक्त ड्रॅगन दिसत असेपर्यंत असतो. इतवारीच्या बोळांत तो दिसतच नाही. मोकळ्या मैदानात धाड घातलीस तर हा सगळा फायदा वाया. गल्ल्यांत घाल.

अर्थबाईंडवर (उडणाऱ्याला खाली ओढणारा स्पेल) विसंबू नको. प्रौढ लालचा स्ट्रेंग्थ सेव्ह +८, विझार्डचा डीसी (सेव्हला गाठायचा आकडा) १६ धरला तर ३५ टक्के वेळा तो चुकतो, आणि चुकला तरी लेजंडरी रेझिस्टन्स (चुकलेला सेव्ह जमला असं धरायची मुभा) तीन आहेत. पण विझार्डला ते वापरू दे. एक रेझिस्टन्स खर्च करायला लावला तर तो त्या धाडीत पार्टीचा खरा विजय आहे, आणि ड्रॅगन तेव्हाच पहिल्यांदा त्यांच्याकडे मान वळवून पाहतो.

---

टेकडीवरून

वरच्या उत्तरात पार्टी वाचली. शहराचं काय? इथे बहुतेक डीएम चुकतात, म्हणून जरा सविस्तर.

ड्रॅगनच्या श्वासाने शहर जळत नाही. हिशेब कर. ६० फुटांचा कोन म्हणजे टोकाला ६० फूट रुंद, क्षेत्र १,८०० चौरस फूट. श्वास परत यायची शक्यता दर पाळीला तीनात एक, म्हणजे दहा मिनिटांत (१०० राऊंड) साधारण ३३ श्वास. सगळे एकमेकांवर न पडता टाकले तरी ५९,००० चौरस फुटांच्या आसपास. एक एकर आणि वर थोडी गुंठेवारी. सबंध दहा मिनिटं जीव खाऊन जाळून एवढंच.

मग जाळतं काय? वारा, गवताची छपरं, लाकडी माड्या, कापसाची गोदामं, तेलघाणे. ड्रॅगन काडी लावतो, बाकी शहर स्वतः करतं. फायरबॉलच्या वर्णनात 'जवळच्या ज्वलनशील वस्तू पेट घेतात' असं वाक्य आहे. लाल ड्रॅगनच्या श्वासात ते नाही. तरी पेट घेते असंच धर.

शहराचे सहा भाग कर. प्रत्येक भागाला कागदावर चार घरांचा (चौकटींचा) चौकोन, आग लागली की एक घर भर. दहा मिनिटांची एक 'शहर-पाळी'. दर पाळीला प्रत्येक जळत्या भागासाठी एक डी६:

१–२: आग जागच्या जागी.
३–५: एक घर भरतं.
६: दोन घरं, आणि वाऱ्याच्या दिशेने पुढच्या भागात ठिणगी, तिथे एक घर.

चार घरं भरली की भाग गेला. सरासरीने एका भागाला चार-एक पाळ्या मिळतात, म्हणजे पाऊण तासाच्या आतबाहेर. एकाच वेळी दोन भाग पेटले की पार्टीला फुटावं लागतं, आणि तिथेच खेळ सुरू होतो. ड्रॅगन वर असताना खाली करायला काम असतं: तलावापासून माणसांची साखळी लावणं, आगीच्या वाटेतली सहा घरं पाडून मोकळा पट्टा काढणं, घोडे सोडणं, कापसाचं गोदाम आधीच रिकामं करणं. प्रत्येक कामाला एक पाळी, यशस्वी झालं तर कागदावरचं एक घर पुसायचं. घरं पाडायच्या कामाला मात्र घरमालकाशी बोलणं आलं. तो चेक (फासा टाकून होणारी चाचणी) अवघड ठेव. जळणारं घर नव्हे, शाबूत घर पाडायला सांगतोय आपण.

सहापैकी दोन भाग जाऊ दे. सहाही वाचले तर ड्रॅगन कसला, आणि चार गेले तर पार्टी पुढच्या सेशनला गाव सोडते.

कुठे बिघडतं: (अ) डीएम वीस मिनिटं आगीचं वर्णन करतो. एका शहर-पाळीला दोन वाक्यं, पुरे. (आ) फासे ड्रॅगनचे आणि आगीचे एकाच वेळी टाकले जातात, टेबल गोंधळतं. आधी राऊंडांत तीन-चार पाळ्या ड्रॅगन, मग तो दूर गेला की शहर-पाळी, मग परत. (इ) वाऱ्याची दिशा आयत्या वेळी ठरवतात. ती आदल्या दिवशी ठरव आणि सेशनच्या सुरुवातीला कुठल्यातरी बिनमहत्त्वाच्या वाक्यात सांगून टाक: धुराडी कुठे झुकली, पतंग कुठे गेला.

अंतराचंही पाहून घे. उडायचा वेग राऊंडला ८० फूट, म्हणजे ताशी साडेचौदा किलोमीटर. डॅश (पाळी नुसती पळण्यात घालवणं) धरला तरी ताशी २९. मोपेडवाला मागे टाकेल. रामटेक नागपूरपासून पन्नासेक किलोमीटर, म्हणजे सतत डॅश करत आला तरी पावणेदोन तास, नाहीतर साडेतीन. मनसर, कन्हान, कामठी अशी धुराच्या इशाऱ्यांची साखळी ठेवलीस तर शहराला तासाभराची सूचना मिळते. त्या तासात पार्टी काय करते, हाच निम्मा सेशन आहे. बहुतेक टेबलं हा तास वगळून थेट आगीवर जातात.

---

महालचा_डीएम

शहर-पाळी घेतो. किल्ल्यावर बॅलिस्टा (मोठे बाण फेकणारी यंत्रं) ठेवाव्यात का? आणि तिसऱ्या अडचणीला अजून कोणी हात लावला नाही.

---

वीस_पडले

बॅलिस्टा: हल्ला +६, नुकसान तीन डी१०, साधा पल्ला १२० फूट, लांबचा ४८०. भरायला एक ॲक्शन, नेम धरायला एक, सोडायला एक. म्हणजे तिघं लागले तर राऊंडला एक बाण. प्रौढ लालचा आर्मर क्लास (हल्ला लागायला गाठायचा आकडा) १९, तेव्हा १३ किंवा वर पडायला हवं, ४० टक्के. क्रिटिकल (२० पडल्यावर नुकसानाचे दुप्पट फासे) धरून सरासरी राऊंडला सात-साडेसात. २५६ हिट पॉइंटांना एकट्या बॅलिस्टाला पस्तीसेक बाण. चार ठेवल्यास तरी नऊ राऊंड, आणि नऊ राऊंड तो १२० फुटांच्या आत कशाला थांबेल? पलीकडे डिसॲडव्हान्टेज (दोन फासे टाकून कमी पडलेला धरायचा).

तरी ठेव. मारायला नाही, वळवायला. किल्ल्याच्या बाजूने तो येणार नाही एवढं ठरलं की तो पूर्वेकडून येतो, आणि हे पार्टीला आधीच ओळखता येतं.

आणि कितीला परततो ते आधी लिहून ठेव. मी ८५ धरीन, एक तृतीयांश. एवढं लागलं की तो निघून जातो, कितीही चांगली संधी असो. हे न ठरवल्याने डीएम ऐनवेळी चिडतो आणि ड्रॅगनला जमिनीवर उतरवतो. जमिनीवर पाच जणांनी घेरलेला एकटा ड्रॅगन म्हणजे एक तर तीन राऊंडांत मेलेला ड्रॅगन, नाहीतर मेलेली पार्टी.

---

तर्री_मारके

तिसरीवर मी येतो.

भाऊ, लोकायले काही वाटत नाही कारण ड्रॅगन काऊन आला हेच कोणी सांगत नाही. 'दुष्ट आहे म्हणून जाळतो' म्हणजे तो प्राणीबी नाही नि पात्रबी नाही, नुसता पाऊस झाला. पावसाशी कोण भांडते बे?

जुन्या कथा नीट पाहा. बेओवुल्फ या जुन्या इंग्रजी काव्यात ड्रॅगन तीनशे वर्षं आपल्या ढिगाऱ्यावर गप पडून असतो. कोणीतरी एक पेला चोरतो, आणि तेव्हा तो मुलूख जाळतो, राजाचं घरही. तीनशे वर्षांत एक पेला! त्या आगीला पत्ता आहे. कशासाठी, कुठून, कुठवर, सगळं आहे.

कॉम्प्युटर गेममध्ये याचे दोन टोकं दिसतात. २०११ च्या स्कायरिममध्ये सुरुवातीलाच तुमची मान ठोकळ्यावर असते, ड्रॅगन हेल्गेन जाळतो आणि त्या गोंधळात तुम्ही सुटता. विनाशाने खेळाडूला काहीतरी दिलं, म्हणून ते लक्षात राहते. त्याच गेममध्ये पुढे ड्रॅगन कधीही, कुठेही येतात, लोहार मरतो, दुकानदार मरतो, आणि खेळाडू वैतागून जुना सेव्ह उघडतो. तिथे विनाशाला कारण नाही, फक्त फासा आहे. दुसरीकडे वर्ल्ड ऑफ वॉरक्राफ्टने २०१० मध्ये डेथविंगच्या नावाने जुना नकाशाच फाडला, ओळखीच्या जागा कायमच्या बदलल्या. तो ड्रॅगन पाहायच्या आधीच त्याचं काम रस्त्यावर दिसायचं.

आता तुझ्या शहराला लागू कर. इतवारीत सराफा आहे ना? मग ड्रॅगनच्या ढिगाऱ्यातलं सोनं चोरून आणलं आणि सराफ्यात वितळवलं. कटोरे, मुकुट, सगळं. त्याच्या बांगड्या झाल्या, मंगळसूत्रं झाली, मंदिराचा कळस झाला, टाकसाळीत मोहरा झाल्या. ड्रॅगनला एक-एक वस्तू पाठ. पण वस्तूच उरली नाही, तोळे उरले, आणि ते अख्ख्या शहराच्या गळ्यात. परत काय देशील त्याले? म्हणून तो भागाभागाने जाळतो: आधी सराफा, मग टाकसाळ, मग कळसवालं मंदिर. पार्टीला यादी सापडली की पुढची जागा कोणती ते ओळखता येते. ओळखता आलं की माना वर करून बसणं संपलं.

दुसरं. जाळायच्या आधी तीन सेशन त्या शहरात घालव, नि प्रत्येक भागाला एक माणूस, एक सेवा, एक भाव दे. हीलिंग पोशन ५० सोन्याला, तलवारीला धार अमुक भावात. हे एका कागदावर लिहून खेळाडूंना दे. धाडीनंतर तोच कागद परत दे, नवे भाव घालून. पोशन १५०. धार लावणारा नाही, तिथे रेघ. पन्नास मेलेल्यांच्या वर्णनापेक्षा त्या रेघेकडे जास्त पाहतात लोक.

---

नागद्वार

एक सूचना, तर्रीभाऊंच्या बोलण्याला जोडून. नावं बदललीस तरी शहर नागपूर आहे आणि नदी नाग. खेळाडू 'ड्रॅगन म्हणजे नागच ना' म्हणतील. तसं करू नको. आपल्याकडे नाग पुजला जातो. श्रावणात इथून लोक पचमढीला नागद्वारच्या यात्रेला जातात. त्याला गावजाळ्या खलनायक केलास तर कथा खोटी वाटेल. इथल्या परंपरेतून विनाशकारी सर्प हवाच असेल तर वृत्र घे. ऋग्वेदाच्या पहिल्या मंडलातल्या ३२व्या सूक्तात तो पाणी अडवून पडलेला आहे, इंद्र वज्राने मारतो तेव्हा नद्या सुटतात. तो जाळत नाही, तहानेने मारतो. पण तो वेगळा कॅम्पेन.

तुझ्या लाल ड्रॅगनसाठी ऋतू पाहा. लेअरजवळचे (ड्रॅगनच्या गुहेजवळचे) परिणाम पुस्तकात दिलेत: सहा मैलांत बारीक भूकंप, एका मैलातलं पाणी कोमट आणि गंधकाचं. ही पूर्वसूचना छान आहे, पण मे महिन्यात देऊ नको. मे महिन्यात नागपुरात टाकीचं पाणी तसंच चटका देतं, खेळाडू लक्षच देणार नाहीत. रामटेककडच्या तळ्याचं कोमट पाणी पौष-माघात दाखव. आणि धाड वैशाखात, छपरं वाळलेली, नदीत पाणी नाही, दुपारी रस्त्यावर कोणी नाही. पावसाळ्यात 'टेकडीवरून'ने वर सांगितलेले आगीचे फासे चालणारच नाहीत, ओली छपरं पेटत नाहीत.

---

तर्री_मारके

पावसाळाच पाहिजे असन तर पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी घाल, मारबतीच्या मिरवणुकीत. अख्खं शहर रस्त्यावर, "ईडा पीडा घेऊन जाय गे मारबत" चालू, नि वर सावली फिरली. फक्त मग लाल नको, काळा ड्रॅगन. ॲसिडला पावसाचं काय. त्याच्या लेअरजवळ एका मैलातलं पाणी नासते, नि सहा मैलांत चिखल-झाडोरा असा माजते की चालायला दुप्पट वेळ लागते. आगीचे फासे तेच ठेव, फक्त 'आग' ऐवजी 'चेंगराचेंगरी नि नासलेलं पाणी' म्हण. १२० फुटांची दहशत मिरवणुकीवर पडली तर ड्रॅगनला श्वास सोडायचीबी गरज नाही.

---

महालचा_डीएम

सराफ्याची यादी घेतली. लाल, वैशाख, पूर्वेकडून. एकच शंका: सोनं वितळवणारा कोण? पार्टीचा ओळखीचा सराफ ठेवला तर फार सोपं होतं का?

---

टेकडीवरून

ओळखीचाच ठेव, पण त्याला ठाऊक नव्हतं असं कर. त्याने तोळ्याच्या भावात घेतलं, वहीत नोंद आहे, वही दुकानात आहे, आणि सराफा यादीत पहिला. तिसऱ्या शहर-पाळीला वही जळते. कोणी आत जातं का बघ. आणि नकाशा इथे टाक, वाऱ्याचा बाण दाखवून. सहा भागांच्या सीमा नीट पडल्यात का ते पाहून सांगतो. नदीपलीकडचा भाग वेगळा धरायला हवा, ठिणगी कोरडं पात्र सहज ओलांडते.